अर्धा पेला पाणी

पृथ्वीला परवडेल आणि घरच्यांना अजिबात परवडणार नाही असा माणूस पाहायचा असता, तर नव्वद सालाच्या आसपास अंबरनाथ पूर्वेला आमच्या हिच्या मामांकडे यायला हवं होतं. पर्यावरण हा शब्द तेव्हा शाळेच्या पुस्तकात सुखाने नांदत होता. मामांनी त्याला घरी आणून जावयासारखा बसवला आणि बाकीच्यांना त्याच्या सरबराईला लावलं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी संडासात, आणि आंघोळ पत्र्याच्या टबात बसून, कारण त्याच पाण्याने पुढे जिना धुतला जाई. मामींनी एकदा दिवसा दिवा लावून डाळ निवडायला घेतली, तर मामांनी दिवा बंद केला आणि डाळीचं ताट उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. मामींनाही उचलून ठेवायचा त्यांचा विचार होता, असं ही सांगते.

त्यांच्या पिशव्या त्यांच्याच जुन्या पँटींच्या शिवलेल्या असत, खिशासकट. उल्हासनगरच्या बाजारात सिंधी शेठ "काका, थैली फ्री है, ले लो ना" म्हणत प्लॅस्टिकची पिशवी पुढे करी. मग मामा त्याला गटारं कशी तुंबतात ते मराठीतून समजावत आणि तो मान डोलवत पुढच्या गिऱ्हाइकाला तीच पिशवी देई. स्वतः मामा नोकरीला होते एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात. तिथलं सांडपाणी रोज नव्या रंगात नाल्याला मिळे, आणि रिक्षाचा धूर नको म्हणून मामा त्याच नाल्याच्या काठाने चालत शिफ्टला जात. यावरून मी त्यांना छेडलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तो नळ माझ्या हातात नाही. घरचा आहे."

हे सगळं खपून गेलं असतं, पण त्यांची मुलगी शोभा लग्नाची झाली. आल्यागेल्याला मामा अर्धा पेलाच पाणी देत. उरलेलं फेकावं लागतं, हवं तर पुन्हा मागा, हा त्यांचा नियम. उन्हातून आलेल्या वरपक्षाला अर्धा पेला म्हणजे अर्धा मान. पहिले पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्या मुलाच्या आईने रागाने पेला तसाच ठेवला, तर मामांनी तो तिच्यादेखत नेऊन तुळशीला घातला. मध्यस्थाकरवी निरोप आला, की ज्या घरात पाणी मोजून मिळतं तिथे मानपानाचं काय होणार. मामींनी मामांशी बोलणं टाकलं. शोभा हसायची थांबली.

तिसरं स्थळ कोल्हापूरकडचं. त्या दिवशी मामांनी भर दुपारी दिवे लावले, पंखे सोडले आणि स्वतःच्या हाताने पेले काठोकाठ भरले. थोडं पाणी ट्रेमध्ये सांडलं, तेही त्यांनी तसंच राहू दिलं. मला आधी गंमत वाटली, मग वाटेना. शोभाने मात्र त्यांच्या हातून ट्रे घेतला, प्रत्येक पेल्यातलं अर्धं पाणी हंड्यात परत ओतलं आणि बाहेर जाऊन मुलाच्या आईपुढे पेला धरला.

"आमच्याकडे अर्धाच देतात. लागलं तर परत मागा."

मामांनी डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी पाणी एका घोटात संपवलं आणि पेला पुढे केला. "दे आणखी."

लग्न झालं. मामांच्या हट्टाने जेवणावळ बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यांवरून आणलेल्या पत्रावळींवर झाली आणि माझी आमटी वाहत वाहत शेजाऱ्याच्या भातात गेली. वरात निघून गेल्यावर मामा रिकाम्या मांडवात माझ्याजवळ येऊन बसले.

"तिच्या सासरी अगदी दारात नदी आहे म्हणे," ते म्हणाले.

"मग चांगलंच आहे की, मामा."

"चांगलंच आहे. मी आपला तिला पुढे कमी पडू नये म्हणून वाचवत होतो."

एरवी मामांच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे टोमणा तयार असे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात हातात घेतला.