समोरचा भरलेला दात

लग्नाआधी माझ्या समोरच्या दाताला कीड लागली होती. कडेला एवढासा काळा ठिपका. तसा तो कोणाच्या नजरेत आला नसता, पण आणे गावाहून पाहुणे मला बघायला येणार होते, आणि आमच्याकडे बघण्याच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मुलीला हसवतातच. म्हणून आई मला पिंपळवंडीहून आळेफाट्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कीड कोरून काढली, दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं आणि हातात आरसा दिला. दात कुठे संपतो आणि सिमेंट कुठे सुरू होतं, ते मलाही कळेना.

उठताना बाई म्हणाल्या, "हे दिसतंय दातासारखं, पण हा दात नाही. दाताच्या आधी हे झिजतं. मिसरी, राखुंडी असलं काही लावू नकोस, चरे पडतात. चऱ्यात चहाचा रंग बसतो, जंतू बसतात. कडेला रेघ दिसायला लागली की लगेच ये, नाहीतर आतून किडेल."

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शनवारपतोर टिकंल ना?"

टिकलं. शनिवारी सासूबाईंनी मला दोन-तीनदा हसवलं. बैल घेताना दात बघतात तसं वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दात लई चांगलं हायेत पोरीचं." लग्न जमलं.

सासरी दुपारची जेवणं झाली की बायका ओट्यावर मिसरी लावायला बसत. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटावर घेऊन दातांवर फिरवत बसायचं. घरातलं आणि आळीतलं सगळं त्या ओट्यावर ठरायचं. उद्या कोणाच्या रानात जायचं, कोणाची पोर कुठे द्यायची, कोणाशी बोलायचं नाही. मिसरी न लावणारी सून तेवढा वेळ आत भांडी घासत असे. सासर कोरडवाहू, माहेर पाण्याचं. मी टाळत होते, तर "बागायतातली हाय ती, आमची मिसरी तिला कशी गोड लागंल" हे सुरू झालं. शेवटी मीही बोट पुढे केलं. त्या घरात मला दिवस काढायचे होते.

मिसरीनं दात सगळ्यांचेच काळवंडतात. पण माझे बाकीचे दात चोळून धुतले की निवळायचे, सिमेंटाचा भाग निवळेना. आधी पिवळा पडला, मग चहाच्या गाळणीसारखा तांबूस झाला, आणि त्याच्याभोवती कोणी पेन्सिलीनं ओढावी तशी रेघ उमटली. जीभ फिरवली की खरखर लागायची. भाकरीचा कण तिथेच अडकून बसायचा.

सासूबाईंच्या नजरेतून ते सुटणार थोडंच. एकदा ओट्यावर सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "ह्यो एकच दात निराळा कसा गं?"

"आत्या, तो भरलेला आहे," मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे, असं मला वाटलं होतं.

"म्हंजी भरल्याला दात दाखवून पोर गळ्यात बांधली व्हय आमच्या."

त्या दिवसापासून भाजीत मीठ जास्त झालं तरी आणि दूध उतू गेलं तरी एकच वाक्य यायचं: "आतनं किडकं आन् वरनं लिपल्यालं." नवरा ऐकायचा आणि गोठ्याकडे निघून जायचा. त्याचे स्वतःचे मागचे दात किडून काढलेले होते, पण पुरुषाच्या तोंडात कोण वाकून बघतं?

दात पांढरा झाला की तोंडं बंद होतील, अशी माझी समजूत. उपाय सासूबाईंनीच सांगितला. "राखंनं घास की. पितळंचं भांडं निघतं, दात का न्हाई निघणार?" मग मी चुलीतली राख आणि मीठ घेऊन रोज सकाळी त्या दातावर तुटून पडायची. त्या दिवसापुरता डाग फिका व्हायचा आणि पुढच्या चहाला आणखी गडद होऊन बसायचा. जेवढं घासावं तेवढं सिमेंट खरखरीत होत गेलं आणि तेवढीच घाण धरत गेलं. तोंडाला वास यायला लागला. मग गार पाण्यानं कळ उठायला लागली.

मी आळेफाट्याला जायचं म्हटलं. एसटीनं ते काही लांब नाही. पण कधी कांदा काढायचा असायचा, कधी पाहुणे यायचे असायचे, आणि काहीच नसलं की सासूबाई म्हणायच्या, "समोरच्या दातानं कोण भाकर खातं? त्यो दाखवायलाच व्हता, दाखवून झालाय." मला तो दात हवा होता. तो माझा होता, आणि बाकी त्या घरात माझं म्हणावं असं फारसं काही नव्हतं.

ओठ सुजून वर आला तेव्हा नवऱ्यानं मोटारसायकल काढली. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि आरसा आत धरून बघितलं. सिमेंटाच्या कडेला फट पडून कीड मुळापर्यंत उतरली होती. "रेघ दिसली तेव्हा आली असतीस, तर जुनं काढून नवीन भरलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं," त्या म्हणाल्या. दात काढावा लागला. नवीन नंतर बसवू, असं नवरा म्हणाला. ते नंतर अजून आलेलं नाही. तेव्हापासून मी पदर तोंडाशी धरून हसते. हसण्यासारखं फार काही नसतंही.

गेल्या वर्षी सासूबाईंचे उरलेसुरले दात हलायला लागले. नवऱ्यानं भाड्यानं गाडी केली, कांदा शेतात तसाच ठेवून खेपा मारल्या आणि आईला पूर्ण कवळी बसवून आणली. दवाखाना तोच, बाई त्याच; शेवटच्या खेपेला मीही बरोबर होते. त्या म्हणाल्या, "पावडरीनं घासायची नाही. चरे पडतात, चऱ्यात रंग बसतो, जंतू बसतात. मऊ ब्रश घ्यायचा."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस का गं? नीट ध्यानात ठिव."

येताना नवऱ्यानं वाटेत गाडी थांबवून मऊ ब्रश घेतला.

आता आल्यागेल्याला सासूबाई तोंड भरून हसून दाखवतात. लोक म्हणतात, "म्हातारे, अगदी खरं वाटत्यात की." सगळेच्या सगळे खोटे, पण फसवणूक हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नाही. संध्याकाळी त्या कवळी काढून वाटीत घालतात आणि वाटी माझ्या हातात देतात. मी ती हळू हातानं घासते, कुठे चरा पडला नाही ना, ते बोट फिरवून बघते.

परवा वाटी जागेवर ठेवत होते तेव्हा नवरा म्हणाला, "आईच्या दातावर जरा जरी डाग दिसला तरी सांग, लगीच आळेफाट्याला नेतो."

मी पदर तोंडाशी धरला आणि हो म्हणाले.