ओवळीखालची जागा

ये गो बाय, जवळ सरक. आता तू मुंबईत आणि मी इथे, सरकणार कशी म्हणा. पण हे वाचेपर्यंत तरी तो मोबाइल बाजूला ठेव. गणपतीला येते म्हणालीस, शिमगासुद्धा उलटून गेला. पालखी दारात आली तेव्हा चारचौघींनी विचारलं, "लेक नाय आली?" मी आपली सांगत बसले, तिला रजा नाय गो. आणि फोन केलास तो कशाला, तर भांडायला! जागेच्या कागदावर सही मी करून दिली हे तुला परवा कुणाकडून तरी कळलं. "आई, आपली जागा फुकट घालवलीस!" फोनवर मला बोलता येईना. म्हणून लिहिते.

आपल्या पडवीपासून मोठ्या काकीच्या अंगणापर्यंतची ती पट्टी. मोठी काकी म्हणजे तुझी काकी, माझी मोठी जाऊ. तुझ्या आजोबांच्या तोंडी वाटणीत ती पट्टी तशीच राहिली, कुणाच्याच नावावर लागली नाही. कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. त्यांच्या कोंबड्या तिथेच, आपली वाळवणंही तिथेच. मधोमध ओवळ, तुम्ही मुंबईवाले बकुळ म्हणता ती. लहानपणी तू तिच्या फुलांचे वळेसर करून माझ्या अंबाड्यात माळायचीस.

काकीच्या मुलाने नवं घर बांधायला काढलं, तेव्हा जागेचा प्रश्न आला. मोजणीदार आला, यंत्र लावलं, गावातले दोघे पंच म्हणून ओटीवर बसले. मोजणीदार बरा माणूस. म्हणाला, "आजी, वहिवाट तुमची असेल तर तसं लिहू. पण पुरावा काय तुमच्याकडे?"

तो पुतण्या मला हसला. "काकीचं काय आहे तिथे? एक ओवळ. ना आंबा, ना फणस. काय गो काकी, फुलं विकायला बसतेस काय आता?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. तुझी मोठी काकी दारात आठळ्या सोलत बसली होती, ती तेवढी हसली नाही.

आता ऐक. तुझ्या आधी मला एक मुलगी झाली होती. दूध ओढेना, अंग तापलं, दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत संपलं सगळं. बारसंही झालं नव्हतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, बाय. तुझ्या बाबांनी तिला तिथे ठेवली आणि वर ओवळीचं रोप लावलं. काकीने माहेरचं नवंकोरं लुगडं फाडून तिला गुंडाळली होती. सासूबाई म्हणाल्या, आता हिचं नाव काढायचं नाही. नाव होतंच कुठे काढायला! पुढे तू झालीस. मग एकेक करून सगळे गेले, आणि हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघी जावाच उरलो. आम्हीही कधी बोललो नाही.

मग काय, हा पुरावा म्हणून सांगू पंचांना? आणि सांगूनही जागा त्याच्याकडे गेली असती तर? घराच्या जागेत असलं काही आहे म्हटल्यावर आधी खोदून काढतात, शांत करतात, मगच पाया घालतात. मी काकीकडे बघितलं. तिने मान हलवली, जराशीच, नको म्हणून. मी म्हटलं, "माझी काय हरकत नाय," आणि सही केली.

पुढे जेसीबी आला तेव्हा काकी ओवळीला पाठ लावून उभी राहिली. मुलाला म्हणाली, "ही देवीची आहे. हिला हात लावलास तर माझ्या हातचं जेवायचं नाय."

"कुठली देवी गो आये?"

"विचारायचं नाय."

घर थोडं मागे सरकलं. ओवळ राहिली, पण मध्ये चिऱ्याची भिंत आली, माझ्या डोक्याहून उंच, आणि तिकडे लोखंडी गेट. फुलं पडायला लागली की काकी सकाळी पदरात घेऊन यायची, पडवीवर माझ्यापुढे ओतायची आणि विचारायची, "आमटी कसली केलीस?" बस, एवढंच.

माघात काकी गेली. तिच्या दिवसांनाही तुला येता आलं नाही. पुतण्या कुलूप लावून मुंबईला गेला. आता चैत्र लागलाय, वास भिंतीवरून थेट माझ्या अंथरुणापर्यंत येतो. फुलं तिकडे लाद्यांवर पडून सुकतात. पुतण्याला फोन करून चावी मागितली, तर म्हणतो, "आत काय काम काढलंस, काकी?" काय सांगू?

तुला तो नाही म्हणायचा नाही. चावी घे आणि ये. सारखी मोठी रजा बघत बसू नको, एका दिवसासाठी ये, पण फुलं संपायच्या आत ये. आपण दोघी आत जाऊ. तुला अजून वळेसर करता येतो ना गो? एक तुझ्या ताईसाठी कर.