सबीहाच्या मोबाईलवरची कपाशी

सबीहा माझी विद्यार्थिनी. धामणगाव बढ्यात आमच्या गल्लीतच राहते. बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली त्या वर्षी गावात वेचणीचं काम उरलं नाही. तेव्हा तिने मोबाईलवर काम शोधायचं ॲप घेतलं आणि सुट्टीत आईबरोबर लांबच्या गावांना वेचणीला गेली. गल्लीतल्या बायांमध्ये असा मोबाईल तिच्याकडेच. त्यामुळे रोज सकाळी शेजारची नूरबी आणि आणखी चारदोन जणी तिच्या ओट्यावर येत. कुठे वेचणी आहे, गाडी कुठून निघणार, ते सबीहा त्यांना उघडून वाचून दाखवी. आमच्याकडे शेजाऱ्याला मोबाईल नाकारणं म्हणजे पाणी नाकारण्यासारखंच.

पुढे सबीहाने बुलढाण्याला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. ॲपवर तसं नोंदवलंही. ॲपने दाखवलं काय? कापूस वेचणी, सरकी भरणे, जिनिंगमधली मजुरी! पोरगी रक्त तपासायला शिकली, तरी या दीडशहाण्या यंत्राच्या लेखी ती अजून कपाशीतच उभी होती.

एकदा वडिलांचं रक्त तपासायला ती मोताळ्याच्या एका लॅबमध्ये गेली. बोलता बोलता तिने कोर्सचं सांगितलं. मालक म्हणाला, "मंग अर्ज काऊन नाही केला? आम्ही ॲपवरच जागा टाकली होती." ॲपही तेच. जागा भरून गेली होती आणि तिला ती दिसलीसुद्धा नव्हती.

माझं डोकंच फिरलं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, यंत्र लिहिलेल्यापेक्षा उघडून पाहिलेल्यावरून आवड शिकतं. या मोबाईलवर रोज वेचणीचीच कामं बघितली जातात. महिनाभर फक्त लॅबच्या जागा बघा, यंत्र सुधारेल."

यंत्र सुधारावं म्हणून शेजारधर्म बिघडवायचा! पण नोकरी तर हवीच होती. दुसऱ्या दिवशी नूरबी आली, तेव्हा सबीहा दारातूनच म्हणाली, "खाला, मोबाईल बिघडला." बाया मुकाट परत गेल्या. ऐन हंगाम होता. वेचणीला निघालेल्या गाडीची खबर नूरबीला लागली ती गाडी गेल्यावर. इकडे ॲपवर लॅबच्या जागा येऊ लागल्या आणि सबीहाला मलकापूरला नोकरी लागली.

पेढे घेऊन ती नूरबीकडे गेली. मीही सोबत होतो. पेढा हातावर ठेवताना तिला रडू फुटलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. मला त्या गोड आवाजाच्या पोराला तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

"तुले नोकरी लागली, मले खुशीच हाय," नूरबी म्हणाली. "पण बेटी, खरं सांगतलं असतं तं मीच मोबाईल मागला नसता. इतक्या वर्षांत तू मले एवढंच ओळखलं?"