मामाची टाचेची घंटा

आमच्या मामाइतका डोकं उठवणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो आमच्या मामाकडेच शिकून गेलेला असेल! मूळचा धुळ्याचा, पण जळगावात मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागला आणि आमच्या घरी राहायला आला. आला तो घंट्या घेऊनच. याला दिसेल त्या वस्तूला घंटा लावायची असायची. फाटकाला लावली, तर मांजर आलं तरी आई पदर सावरत दाराशी. दूध उतू जाण्याआधी वाजणारी घंटा दूध उतू गेल्यावर वाजायची, जणू आम्हाला वास येत नव्हता. टाकी भरल्याची घंटा भर दुपारी टाकी कोरडी असताना वाजली आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन नळावर! मामाला लाज? छे. "टेस्टिंग चालू शे," म्हणाला.

आता सुमी. माझी धाकटी बहीण. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून तिचे पाय ताठ. वॉकर धरून चालायची, पण चवड्यांवर, टाचा हवेत. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "टाच टेकली की नाही ते तिला कळत नाही. तुम्ही सांगत राहा." मग काय, दिवसभर आमचं "सुमे, टाच! सुमे, टाच!" आणि सुमीचं तोंड फुगलेलं. तिचा जीव अडकला होता भुलाबाईत, म्हणजे आमच्या खानदेशी भोंडल्यात. गल्लीतल्या पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या, झाकलेला खाऊ ओळखायच्या. सुमीला फक्त आमच्या घरची भुलाबाई. बाकीच्या घरांचा खाऊ वाटीतून यायचा. "मला वाटीत नको," ती रडायची, "मला तिथे जाऊन ओळखायचाय!"

हे मामाने ऐकलं. झालं!

"अक्का, तू नुसती देख. बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल म्हणे!

"भाऊ, पोरीच्या पायाला घंटा बांधलीस ना, तर तुला धुळ्याच्या गाडीत बसवून देईन," आई म्हणाली.

त्याने बांधलीच. बुटाच्या टाचेत बटण, वॉकरला दारावरच्या बेलची डबी, मध्ये वायरींचा गुंता. टाच उचलली की टिंग! म्हणजे पोरगी चुकली की सावध होणार. सुमीला तो आवाज एवढा आवडला की ती टाच टेकवायचीच विसरली. घरभर चवड्यांवर टिंग टिंग टिंग! व्यायामाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "अरे शहाण्या, चुकलं की बक्षीस देतोयस तू!" मामा ताठच. "मशीन बराबर शे. पोरगीच उफराटी शे!" सर्वात जास्त सुमी हसली.

शेवटी त्याने वायरी बदलल्या. आता टाच टेकली की टिंग. आणि काय सांगू, आम्ही घसे फोडून जे झालं नाही ते व्हायला लागलं! ओठ दाबून, घामाघूम होऊन ती टाच खाली आणायची, त्या एका टिंगसाठी.

भुलाबाई आल्या. सुमी पोरींबरोबर निघाली, मागून मामा, आई आणि मी. एक घर झालं. दुसऱ्या घराच्या अलीकडे घंटा गप्प! सुमी जागीच थांबली, टाचा पुन्हा वर. "मामा, बंद पडली."

"सेल आणलेस ना नवे?" आईने विचारलं.

साऱ्या जगाला अक्कल वाटणाऱ्या या माणसाने सेल आणले नव्हते! पोरी दारात खोळंबलेल्या. सुमीचे डोळे भरले. "घरी चला," ती म्हणाली.

मामा वाकला. पार गुडघ्यांवर हात ठेवून, नजर तिच्या बुटांवर. "टाक पाय," म्हणाला. सुमीने रुसूनच एक पाय पुढे टाकला. टाच टेकली.

"टिंग," मामा म्हणाला.

पोरी खिदळल्या. मामाला फिकीर? पुढची टाच. "टिंग!" असा ओणवा, भर रस्त्यात, पायरीपर्यंत. आत सुमीने खाऊ ओळखला "चकली", निघाले शेंगदाण्याचे लाडू. साफ हरली आणि इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दिवाळीनंतर मामा धुळ्याला गेला, स्वतःचं दुकान काढायला. तिथल्यांचं आता काही खरं नाही. आमच्याकडे शांतता आहे. दूध गुपचूप उतू जातं. सुमीच्या डबीत आम्ही नवे सेल घातलेत, पण ती डबीवरचा खटकाच बंद करून टाकते. आणि ओट्यावर चालताना, कोणी नाही असं पाहून, मामाच्या घोगऱ्या आवाजात हळूच म्हणते, "टिंग."