अम्मीचा नवा माठ

कोऱ्या माठात पहिलं पाणी ओतलं की सुटणाऱ्या वासानं मला आमच्या कळंबच्या घरातला फिशटँक आठवतो. पाणी सारखं गढूळ व्हायचं, मासे मरायचे. फिल्टरमध्ये पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू रुजतील असं बारीक छिद्रांचं काहीतरी हवं होतं. दुकानातल्या सिरॅमिकच्या नळ्या अब्बांना पटेनात. "खापर लई बेस," म्हणत त्यांनी जुना माठ बघितला, पण क्षार साचून त्याचं पाझरणंच थांबलेलं. छान पाझरत होता तो अम्मीनं परवाच बाजारातून वाजवून वाजवून आणलेला नवा. आम्ही बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं. अम्मी झोपलेली. माठ पोत्यात गुंडाळून फोडला, तरी आवाज झालाच. अम्मी दारात आली, तिनं खापरं बघितली. "व्हय हो, माशांना माठ आन् मला नळाचं पाणी?" म्हणाली आणि हसतच सुटली; मग स्वतःच खापरं धुवायला बसली. महिन्या-दीड महिन्यात पाणी असं नितळलं की शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. ती खापरं अजून फिल्टरमध्येच आहेत. अम्मी दर उन्हाळ्यात नवा माठ आणते, आधी फिशटँकसमोर धरते आणि अब्बांकडं न बघता माशांना बजावते, "ह्यो माझा हाय."