विमानाच्या पत्र्याचा वीर

आमच्या देवांत एक जपानी विमान आहे. विमान म्हणजे काय, हातभर पत्रा. एका कडेला रिव्हेटांची भोकं, कोपऱ्यात लाल रंग. त्यावर आजीने इतका शेंदूर थापलाय की जपान्यांचा लाल कुठला आणि आमचा कुठला, कळत नाही.

लढाईच्या वेळी आजा आसामात रस्ते बांधायला गेला. परत आला तो त्याचा दाभोसा गावचा सोबती, हा पत्रा घेऊन. जळतं विमान अंगावर पडलं, हाडसुद्धा हाती लागलं नाही, असं त्याने सांगितलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला वीर म्हणून देवांत बसवतात. हाडं नव्हती, मग पत्रा बसवला. बाबा तेव्हा अंगावर पीत होते.

आजी असेल विशीची. आमच्यात बाई दुसरं लग्न करते, कुणी नाक मुरडत नाही. वांगणीचा एक भला माणूस पाच-सहा वर्षं येत राहिला. आजी नाहीच म्हणाली. वीर या घरात बसलाय, त्याला निवद कोण दाखवील? नवा भात आला की पहिला घास पत्र्याला, मग आम्हाला.

गेल्या वर्षी मोखाड्याच्या बाजारात त्या सोबत्याचा मुलगा भेटला. तोही म्हातारा झालाय. चहा पिताना म्हणाला, "मास्तर, माझ्या बापाने मरताना सांगितलं होतं. तुमचा आजा मेला नव्हता."

विमान आधीच पडलेलं होतं. या लोकांना ते तोडायला लावलं होतं. आजाने तिथेच दुसरी बाई केली, आपल्या हाताने पत्रा कापला आणि सोबत्याला दिला. घरी सांग, मी मेलो.

माझं डोकंच फिरलं. "मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलास, काका? आजी असताना सांगायचं होतंस."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. हलकट माणूस, त्याच्यापुढे मी जन्मभर डोकं टेकलं. पत्रा वहाळात फेकायला उचलला, तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवून बसले.

"तो वांगणीचा माणूस मला खांद्यावर घेऊन फिरवायचा," ते म्हणाले. "एकदा मी त्याला बाबा म्हणालो. आईने मला मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच."