सातवा फर्मा

तिसगावच्या पेठेत कानिफनाथ बाइंडरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका व्यापाऱ्याच्या घराची ओसरी, पुढून फळ्या लावलेली. शाळांची हजेरीपत्रकं, सोसायटीची दप्तरं, लोकांच्या जीर्ण पोथ्या, जे सुटं झालं असेल ते बांधून देणं हा त्याचा धंदा. माणूस हाडकुळा, पण बोटं लांब आणि देखणी. स्वभावानं असा काळजीखोर की आभाळात ढग आला तर कागद भिजेल म्हणून जीव खालीवर, आणि ढग नाही आला तर दुष्काळ पडेल म्हणून.

मी तिथल्या शाळेत मास्तर. नगरच्या एका वाचनालयाचा सभासद गावात मी एकटाच. पंधरा दिवसांनी एसटीनं जायचं, एक पुस्तक आणायचं. एकाच पुस्तकाला वाचणारे आम्ही चौघं: मी, पोस्टमन बन्सी, कानिफनाथ आणि लंकाबाई. पंधरा दिवसांत चौघांचं वाचून कसं व्हावं? बन्सी तर एक पान वाचून दोनदा मागं जाणारा गडी.

तोड मी काढली. हे मी आधीच सांगून टाकतो. पुस्तक छापताना मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि त्याच्या घड्या घालतात. त्या घडीला फर्मा म्हणायचं. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. मी म्हटलं, "कानिफ, शिवण उसव. फर्मे सुटे कर. एक वाचेल तोवर दुसऱ्याच्या हातात मागचा फर्मा. चौदाव्या दिवशी पुन्हा शिवून टाक."

तो घाबरला. "गुरुजी, वाचनालयाचं पुस्तक हाय. लोकाची वस्तू."

"तुझी शिवण कुणाच्या बापाला ओळखू येणार आहे?"

त्याचं खोटं नव्हतं आणि माझंही. परत गेलेली पुस्तकं आली होती त्याहून घट्ट होऊन जात. बन्सी टपाल वाटता वाटता फर्मे पोचवी: आधी मी, मग तो, मग लंकाबाई, शेवटी कानिफनाथ. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसून आम्ही बोलायचो. नियम एकच: जो सर्वांत मागं असेल त्यानं वाचलं असेल तिथवरच बोलायचं. पुढचं कुणी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम मात्र कानिफनाथचा. माझं सगळं वाचून झालेलं असायचं आणि तोंड दाबून बसताना माझं पोट फुगायचं.

फर्मे गावात फिरत असले की कानिफनाथला अन्न गोड लागत नसे. वाटेत भेटला की, "फर्मा चुलीपाशी न्हाई ना ठिवला? पोरं न्हाईत ना हात लावीत?" मी चिडायचो. म्हणायचो, "अरे, तो फर्मा आहे, ओली बाळंतीण नाही."

लंकाबाई आमच्यात आली ती पोथी शिवायला टाकायला म्हणून. मामाच्या घरी राहून चौथी झालेली. दुकानात एक सुटा फर्मा पडला होता, तो उचलून तिनं उभ्या उभ्या वाचून काढला आणि विचारलं, "भाऊ, ह्याच्या म्होरचा कुठंय?" पहिल्या दिवशी ती फळीबाहेर उभी राहून बोलली, महिन्याभरानं आत येऊन बसली. वाद घालायला लागली की मला ऐकत नसे.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाऊस तोंड दाखवून गेला होता. शाळांची कामं कमी झाली होती, आणि व्यापाऱ्यानं कानिफनाथला ओसरी संक्रांतीच्या आत मोकळी करायला सांगितली होती. अशात नगरच्या त्या वाचनालयातला जुना बाइंडर निवृत्त झाला. मीच चिटणीसांकडे कानिफनाथचं नाव घातलं. ते म्हणाले, "आठ तारखेच्या सोमवारी या त्यांना घेऊन. इथं बसून एक पुस्तक शिवून दाखवू दे. हात चांगला असेल तर जागा कायमची आहे." आमचं पुस्तक परत करायची मुदतही त्याच सोमवारी संपत होती, आणि त्यावर दुसऱ्या वाचकाचा नंबर लागलेला, म्हणून मुदत वाढणार नव्हती.

ती एका कोष्ट्याची गोष्ट होती. त्याची मुलगी घर सोडून जाते आणि बाप तिला गावोगाव शोधत फिरतो. बारा फर्म्यांचं पुस्तक. सातवा फर्मा बन्सीनं लंकाबाईला दिला आणि दोन दिवसांनी आठवा घेऊन गेला, तर दाराला कुलूप. मुकादमाचा सांगावा अचानक आला होता. गाड्या जुंपून तिची टोळी पहाटेच ऊसतोडीला निघून गेली होती. दरसाल जायची, पण त्या साली आठ दिवस आधी.

बन्सीनं हे सांगितलं तेव्हा कानिफनाथ चिकटवायची खळ कालवत होता. त्यानं हात पुसले आणि उरलेले फर्मे मोजले. अकरा. पुन्हा मोजले. पुढचे सहा दिवस तो तेच करत होता. मोजून अकराचे बारा होतील की काय असं वाटायचं त्याला.

"गुरुजी, तिनं इस्तू पेटवायला तर घातला नसंल?"

"लंकाबाई? वेड लागलंय का तुला?"

"ती न्हाई वो. दुसरं कुनी. कागद दिसला की मानूस जाळतंच."

टोळीचा मुक्काम कुठं पडला हे मुकादमाच्या भावाकडून कळायला शुक्रवार उजाडला: संगमनेरच्या अलीकडे, प्रवरेकाठी. शनिवारी आम्ही दोघं निघालो. कानिफनाथनं पिशवीत अकरा फर्मे, सुई, दोरा, मेण आणि पुठ्ठे घेतले होते. सातवा मिळाला की तिथंच शिवायचं आणि थेट नगर गाठायचं, असं ठरलं होतं. एसटीत त्यानं पिशवी मांडीवरून हलवली नाही. दर थांब्याला आत हात घालून चाचपायचा.

दिवस कलता पोचलो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, ऊसतोड्यांच्या झोपड्या, ओळीनं उभ्या होत्या. लंकाबाई डोक्यावरून वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा उतरवत होती. आम्हांला पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

"हाय, भाऊ, हाय! वाकळंच्या घडीत ठिवलाय." तिनं ती गोधडी उलगडली. फर्मा होता तसाच होता. कानिफनाथनं तिथंच बसून फर्मे मोजले. बारा. मला वाटलं, सुटलो.

पण लंकाबाईची नजर पिशवीवर होती. "म्होरचे पाच बी आनलेत व्हय?"

सातव्या फर्म्याच्या शेवटी तो बाप एका दारापुढे उभा राहतो आणि कडी वाजवतो. पान संपतं. चार दिवस मोळ्या बांधताना लंकाबाईनं तिथवरची गोष्ट उसाच्या फडातल्या सगळ्या बायांना सांगितली होती. त्या आता गोळा झाल्या. साळूबाई म्हणून एक म्हातारी होती, ती माझ्याच अंगावर आली. "मास्तर, हिनं मानसाला दारात उभं करून ठिवलंय चार दिस झालं. दार कोन उघाडतं ते तर सांगा!"

मी तोंड उघडलं. कानिफनाथनं माझा दंड धरला. "सांगायचं न्हाई. वाचूनच कळाया पायजे."

"मग वाचू द्या तिला!" म्हातारी म्हणाली. "उद्या फडात वाचंल, समदे ऐकू. पर मुकादम मोळ्या मोजून घेतो. तिच्या मोळ्या कोन बांधनार?"

"मी बांधतो," कानिफनाथ म्हणाला.

मी त्याला बाजूला ओढलं. म्हटलं, "अरे गाढवा, परवा सकाळी तुझी परीक्षा आहे. शेवटची गाडी अजून मिळेल. चल."

"गुरुजी, उद्याचा अख्खा दिस हाय की. आन् मी तरी कुठं वाचलंय म्होरचं? तिच्या मागनं माझा नंबर." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पुस्तक आज नेलं तर ती मागंच ऱ्हाती. मग आपुन गुरुवारी बोलायचं कसं?"

रविवारी उजाडायच्या आत फड सुरू झाला. लंकाबाईचा नवरा मच्छिंद्र कोयत्यानं ऊस तोडत होता, त्याच्या मागं कानिफनाथ ऊस गोळा करून वाढ्याच्या पेंढ्यानं मोळी आवळत होता. बांधावर बसून लंकाबाई मोठ्यानं वाचत होती. कोयत्याच्या आवाजात एखादं वाक्य बुडालं की कुणीतरी ओरडायचं, "लंके, पुन्यांदा!" मीही दोन मोळ्या बांधल्या. त्या उचलताच सुटल्या. बाया हसल्या आणि मला पानं सांभाळायला बसवलं.

त्या दारात भलतीच बाई निघते, पण शेवटी बापाला मुलगी सापडते. दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या मागावर विणत बसलेली. तो दाराआडून तिचं वीणकाम बघतो, हाक मारत नाही, आणि परत फिरतो. लंकाबाईनं शेवटची ओळ वाचली तेव्हा कोयते थांबले होते.

"म्हंजे? हाक न्हाई मारत?" साळूबाई कडाडली. "कसला बाप म्हनायचा?"

"तिचं हात बघितलं त्यानं," लंकाबाई म्हणाली. "बरं चाललंय हे कळलं. हाक मारली असती तर तिला उठावं लागलं असतं."

"मग आईनं काय करायचं घरी? तिला कोन सांगनार?" मच्छिंद्रनं विचारलं. त्यावर पाऊण तास भांडण झालं. मुकादम येऊन शिव्या देऊन गेला तरी थांबेना. कानिफनाथ मोळी बांधता बांधता नुसता ऐकत होता. त्याच्या तोंडावर काळजी नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी त्यानं सुई हातात घेतली आणि ती पडली. उसाच्या पात्यानं दाही बोटं चिरली होती. नखांच्या कडेनं सुजून टम्म झाली होती. मिटतही नव्हती, उघडतही नव्हती.  लंकाबाईनं हळद लावली आणि पुस्तक स्वतः शिवलं. तो सांगत होता, ती टाके घालत होती. दुसरीकडे कुठं तिनं टाके घातले असतील तर ते वाकळेला.

सोमवारी चिटणीसांच्या टेबलापुढे आम्ही उभे होतो. त्यांनी पुस्तक उघडलं, पाठ चाचपली आणि चष्मा वर केला.

"हे आमच्याकडून गेलं तेव्हा मशीनची शिवण होती. ही तर गोधडीची शिवण आहे. कुणी उसवलं?"

 मी जिल्हा परिषदेचा नोकर. कार्ड माझ्या नावावर. एक पत्र शिक्षणाधिकाऱ्याकडे गेलं असतं तर माझी बदली कुठं झाली असती कोण जाणे.

"मी उसवलं, साहेब," कानिफनाथ म्हणाला. "चौघांना वाचाया मिळावं म्हनून."

"डोकं कुणाचं?"

तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. त्यानं बघितलं नाही. "माझंच."

"आणि गुरुजी, तुम्हांला हे ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. दोन अक्षरं. चिटणीसांनी कानिफनाथचे हात बघितले. मग म्हणाले, "वाचनालयाचं पुस्तक उसवणाऱ्याच्या हाती मी वाचनालय देऊ शकत नाही. आणि या हातांनी आज तुम्ही शिवून तरी काय दाखवणार?" मला त्यांनी पुढचं पुस्तक निवडून घ्यायला सांगितलं. मी घेतलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

परतीच्या गाडीत तो बाहेर बघत होता. मी त्याची माफी मागायचं ठरवत होतो आणि प्रत्येक गाव मागं पडलं की पुढच्या गावाला मागू म्हणत होतो. तिसगाव आलं. तो उतरला, "येतो, गुरुजी" म्हणाला आणि गेला.

त्यानंतर एकाही गुरुवारी मी ओसरीकडे फिरकलो नाही. बाजारही शाळेच्या गड्याकडून मागवला. संक्रांतीला त्यानं ओसरी सोडली, सामान घराच्या ओट्यावर नेलं, तेही मी ऐकलं ते बन्सीकडून. वाटेत तो दिसला की मी गल्ली बदलायचो. त्यानं मला चार लोकांत शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी तयारच होतो.

माघ महिन्यात एके दिवशी मधल्या सुटीत तो शाळेत आला. बोटं बरी झाली होती, दोन नखं मात्र काळी पडली होती. त्यानं सदऱ्याच्या आतून एक फर्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"नेवाशाच्या एका वकिलांनी पुस्तक दिलंय. त्यांना इचारून उसवलंय ह्या खेपेला," तो म्हणाला. "लंकाबाईला बन्सी टपालानं धाडतो. तिचे चार फर्मे झाले. बन्सीचे बी झाले. माझे बी."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "कानिफ, त्या दिवशी मी..."

"हा पयला फर्मा हाय, गुरुजी. महिना झाला तुमच्या वाट्याचा ठिवलाय." तो काळजीनं माझ्याकडे बघत होता. "तुमी मागं हाय. तुमी वाचल्याबिगर आमाला कुनाला बोलता येईना."